हॉटेलची वेबसाइट गुगलवर दिसत नाही? कीवर्डला हात लावण्याआधी हे तपासा

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. गणपती आटोपलेले असतात, दिवाळीची सुट्टी समोर दिसत असते, आणि दापोली-गुहागर पट्ट्यातल्या कुणा ना कुणा हॉटेलवाल्याच्या लक्षात येतं की आपली साइट गुगलवर सापडत नाही. वाक्यही ठरलेलं: "अरे, जरा कीवर्ड नीट टाकून दे ना." कीवर्ड म्हणजे लोक गुगलवर जे शब्द टाकून शोधतात ते.

मी किनाऱ्यावरच्या छोट्या हॉटेलांच्या साइट सांभाळतो. आठ खोल्या, बारा खोल्या, फार तर वीस. एवढ्या फोनांमधून खरोखर कीवर्डचा प्रश्न निघाला अशी प्रकरणं बोटांवर मोजता येतील. बहुतेक वेळा गुगलला साइट दिसतच नसते. किंवा दिसते, पण हे ठिकाण नक्की कुठलं, राहायचं की जेवायचं, चालू की बंद, याची तीन ठिकाणी तीन उत्तरं त्याच्या हाती लागलेली असतात. मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने खाली लिहितोय. जे गैरसमज वाटेत आडवे येतात, ते तिथल्या तिथे.

'दिसत नाही' म्हणजे नक्की कुणाला?

कर्द्यातल्या एका काकांची तक्रार मात्र उलटी होती. "आपण तर पहिले येतो. मग फोन का येत नाहीत?" काउंटरवर बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर 'जवळचं हॉटेल' शोधून दाखवलं, आणि खरंच त्यांचंच नाव सगळ्यात वर. येणारच, ते हॉटेलातच बसले होते. मी म्हटलं, काका, तुमच्या मुलीला, कोथरूडच्या ताईंना, फोन लावा. मुलीला 'कर्दे बीच रिसॉर्ट' शोधायला लावलं. ती यादी खाली खाली सरकवत राहिली. काकांच्या कपातला चहा संपला, तरी नाव आलं नाही.

नकाशासोबत हॉटेलांची जी यादी येते तिचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, आणि हे गुगलने आपल्या मदतपानांवर उघड लिहिलेलं आहे: शोधणाऱ्याला जे हवं त्याच्याशी जुळणी, अंतर, आणि त्या ठिकाणाचा बोलबाला. अंतर हा त्यातला भाग असल्यामुळे मालकाने स्वतःच्या रिसेप्शनवरून केलेली परीक्षा म्हणजे स्वतःच पेपर काढून स्वतःच सोडवणं. 'इनकॉग्निटोमध्ये बघितलं की खरा निकाल दिसतो' हाही एक लाडका समज. इनकॉग्निटोमध्ये तुमचा जुना शोध-इतिहास बाजूला राहतो, पण तुम्ही कुठून शोधताय याचा अंदाज गुगलला येतोच.

खरं चित्र सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात दिसतं. फुकट आहे. कुठले शब्द शोधल्यावर साइट लोकांसमोर आली, किती वेळा आली, किती जणांनी उघडली, सरासरी कितव्या जागी होती, असा 16 महिन्यांपर्यंतचा हिशेब तिथे राहतो. ज्यांनी हे लावलेलं नाही त्यांनी आज लावावं आणि बाकीचं नंतर वाचावं. पुढचं बरंचसं त्यावाचून अंधारात चाचपडणं आहे.

साइट गुगलच्या वहीत आहे का?

गुगलच्या शोधपेटीत 'साइट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, त्याला चिकटून कोलन, आणि जागा न सोडता आपला डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. साइटची पानं खाली आली तर ती इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या वहीत, आहेत. एकही आलं नाही तर दुखणं तिथेच आहे. (ही चाचणी ढोबळ आहे. एकेका पानाची पक्की खात्री सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत होते.)

हर्णैच्या एका हॉटेलाने पावसाळ्यात साइट नवी करून घेतली. दिसायला देखणी, सुवर्णदुर्गाचा ड्रोनवरून घेतलेला व्हिडिओ वगैरे. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर अर्धा संपला, साइटवरून एक चौकशी नाही. मालकाने दरम्यान दुसऱ्याच एकाकडून तीन महिन्यांचं 'एसईओ पॅकेज' (एसईओ म्हणजे गुगलच्या निकालांत वर येण्यासाठीची कामं) घेतलं होतं आणि त्याचे रिपोर्ट दर महिन्याला रंगीत आलेखांसह येत होते. मी वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट ज्यावर बनवली होती त्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरलो, सेटिंग्ज, मग रीडिंग, आणि पानाच्या तळाशी 'डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट' या चौकटीत टिक. साइट बनत असताना अर्धवट पानं गुगलवर जाऊ नयेत म्हणून ही टिक करतात, ते बरोबरच आहे. काम झाल्यावर ती काढायची राहिली होती. टिक काढली, मुख्य पान तपासणीत टाकून इंडेक्सिंगची विनंती केली, चौथ्या दिवशी पान दिसायला लागलं. पॅकेजवाल्याने तीन महिन्यांत ते पान उघडून बघितलं नव्हतं, याचं मला आजही नवल वाटतं. मग आठवतं की आलेख काढायला ते पान उघडावं लागत नाही.

याच्याच जवळचा प्रकार रोबॉट्स फाइलचा, म्हणजे साइटवर कुठे शिरायचं आणि कुठे नाही हे यंत्रांना सांगणाऱ्या फाइलचा. त्यात एका ओळीने अख्खी साइट गुगलच्या क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, बंद करता येते आणि ती ओळ काढायची राहूनही जाते. लक्षण थोडं वेगळं असतं: साइटचं नाव निकालात येतं, पण खाली वर्णन नसतं. दार बंद असलं तरी बाहेरच्या दुव्यांवरून गुगलला पत्ता कळलेला असतो, आत काय आहे ते कळत नाही. आणि दार बंद ठेवून आतल्या पानावर 'इंडेक्स करू नका' असं लिहिलंत तर तेही त्याला वाचता येत नाही. दोन्ही एकदम लावून ठेवणारे लोक आहेत.

साइट नवी करताना होणारी दुसरी चूक म्हणजे पानांचे पत्ते बदलणं. जुनं खोल्यांचं पान, ज्याला पर्यटनाच्या कुठल्याशा ब्लॉगने सहा वर्षांपूर्वी दुवा दिला होता, ते आता '404', म्हणजे 'पान सापडत नाही', दाखवतं. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी रीडायरेक्ट, ज्याला 301 म्हणतात, लावून घ्या. घर बदलल्यावर पोस्टमनला सांगतो तसंच. डेव्हलपर म्हणाला 'गुगल आपोआप शिकतं', तर त्याला सांगा की तू शिक.

आणि एक खास छोट्या लॉजवाल्यांसाठी. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरूनच (नकाशावर तुमचं ठिकाण दाखवणारी नोंद) फुकट एकपानी साइट बनवता येत असे, बरीच होमस्टे त्यावर चालायची. त्या सगळ्या साइट गुगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्या. जून 2024 पर्यंत त्या पत्त्यावर गेलेला माणूस प्रोफाइलवर पोचत होता, नंतर तेही थांबलं. तरी आजही किनाऱ्यावर त्या पत्त्याची व्हिजिटिंग कार्डं वाटली जाताहेत, रिक्षांच्या पाठीमागे रंगवलेला तो पत्ता मी डोळ्यांनी पाहिलाय. त्या मालकांना वाटतं रँकिंग घसरलं. रँकिंग कशाचं, साइटच उरलेली नाही.

दोन मुरूड

हा प्रसंग माझ्या समोर घडला म्हणून सविस्तर सांगतो. मुरूडमधलं एक छोटं रिसॉर्ट, दापोली तालुक्यातलं मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. डिसेंबरातला शनिवार. ठाण्याचं एक कुटुंब जेवायला येणार म्हणून सुरमई तळायला काढलेली. दुपारी एकच्या सुमाराला फोन: "आम्ही राजपुरीच्या धक्क्याजवळ आहोत, तुमचं रिसॉर्ट कुठे?" मॅनेजरने दोनदा विचारलं, कुठे? राजपुरी. म्हणजे जंजिरा. म्हणजे रायगड जिल्ह्यातलं मुरूड.

तिथून इथे यायचं तर आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग श्रीवर्धन, पुढे बागमांडल्याहून दुसरी फेरीबोट करून बाणकोटची खाडी ओलांडायची आणि तिथून खाली दापोलीकडे. नाहीतर महामार्गाने मोठा वळसा. गाडीत दोन लहान मुलं आणि एक आजी. ते लोक आले, पण रात्री, आणि परतताना जो रिव्ह्यू लिहून गेले तो अजून प्रोफाइलवर आहे. 'वेबसाइट फसवी.'

साइट फसवी नव्हती, मुकी होती. शीर्षकात 'मुरूड बीच रिसॉर्ट'. तालुका नाही, जिल्हा नाही. पत्ता होता, पण एका सुंदर चित्रात, लाटांच्या नक्षीवर कोरलेला. नकाशाच्या जागी नकाशाचा स्क्रीनशॉट. एजन्सीचं म्हणणं होतं की नुसतं 'मुरूड बीच' ठेवलं की दोन्हीकडचे लोक येतील, शोध जास्त आहेत. शोध जास्त होतेच. त्यातले बरेच जंजिऱ्याला निघालेले होते.

हॉटेलच्या साइटवर सगळ्यात मोठा गैरसमज मला हाच वाटतो: जास्त लोकांनी बघितलं की जास्त खोल्या जातात. खोल्या बारा आहेत आणि त्या जागच्या हलत नाहीत. चुकीच्या मुरूडला निघालेले हजार लोक साइटवर आले तरी बुकिंगच्या वहीत काही फरक पडत नाही. पडलाच तर वर सांगितला तसा.

दुरुस्ती साधी होती. प्रत्येक पानाच्या शीर्षकात 'मुरूड, दापोली'. तळाशी पूर्ण पत्ता, साध्या अक्षरांत: गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. खरा नकाशा, आणि त्यावरची पिन थेट फाटकावर. 'कसे याल' या पानावर पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असा रस्ता, रेल्वेने खेड स्टेशन, आणि ठळक अक्षरांत एक ओळ: 'आम्ही मुरूड-जंजिऱ्यात नाही.' पानामागे जो स्कीमाचा कोड असतो त्यात हॉटेलचा प्रकार, पत्ता आणि अक्षांश-रेखांश. स्कीमा लावला की क्रमांक वर चढतो असं सांगून तो विकतात, तसं काही होत नाही. त्याने तुमची माहिती यंत्राला नीट वाचता येते, एवढाच त्याचा उपयोग, आणि या मुरूडच्या बाबतीत तो पुरेसा होता.

हे दुखणं मुरूडचं एकट्याचं नाही. वेळास म्हटलं की कासवांचं मंडणगड तालुक्यातलं वेळास डोळ्यासमोर येतं, पण श्रीवर्धनकडेही एक वेळास आहे. तुमच्या गावाला नावबंधू असेल तर आधी तो शोधा. हर्णै की हर्णे, अंजर्ले की आंजर्ले, यावर मात्र डोकं शिणवू नका. स्पेलिंगचे पाच-पाच प्रकार पानावर पेरायची गरज नाही, तेवढं गुगलला कळतं.

'हॉटेल' शब्दाचा घोळ

आता कर्द्याच्या काकांकडे परत. त्यांची गुगल बिझनेस प्रोफाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत उत्तर मिळालं. मुख्य वर्ग: रेस्टॉरंट. प्रोफाइल बनवली त्यांच्या पुतण्याने, सात-आठ वर्षांपूर्वी, तेव्हा खाली खानावळ होती आणि वर चार खोल्या. आपल्याकडे मिसळ मिळते तेही हॉटेल आणि मुक्काम करतो तेही हॉटेल. 'जवळचं हॉटेल' शोधणाऱ्याला भूक लागलीय की झोप आलीय हे गुगलला ठरवावं लागतं, म्हणून ते दोन्ही प्रकारची दाखवतं. काका वर आले ते जेवणाचं ठिकाण म्हणून. मुक्कामासाठी शोधणाऱ्या पुणेकराला ते दिसायचं कारणच नव्हतं.

मुख्य वर्ग काय निवडलाय यावर प्रोफाइलचं सगळं रूप अवलंबून असतं. रेस्टॉरंट असेल तर मेनू आणि वेळा, हॉटेल असेल तर चेक-इन, चेक-आउट, सोयीसुविधा आणि तारखा टाकून दर बघायची पेटी. रिसॉर्ट, लॉज, गेस्ट हाउस, होमस्टे असेही पर्याय असतात. जे आहात ते निवडा. घरातल्या दोन खोल्या देणाऱ्याने 'रिसॉर्ट' निवडलं तर पाहुणा स्विमिंग पूल शोधत येतो. खालचं जेवणघर वेगळ्या नावाने, वेगळ्या पाटीने चालत असेल तर त्याची प्रोफाइल वेगळी काढता येते.

नावात मात्र हात चलाखी नको. पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर, असा गुगलचा नियम आहे. नावापुढे 'बेस्ट बीच रिसॉर्ट इन कर्दे विथ फॅमिली रूम्स' अशी शेपटी जोडून काही जण महिना-दोन महिने वर येतातही. मग कुणी तरी, बहुधा शेजारचाच, तक्रार करतो आणि प्रोफाइल निलंबित होते. ते ऐन सीझनमध्ये झालं तर पाटीचा फोटो, लाइटबिल, परवाना असं सगळं पाठवून वाट बघत बसावं लागतं.

कीवर्ड

यावर थोडक्यात, कारण सांगण्यासारखं फार नाही. पानाच्या कोडमधला 'मेटा कीवर्ड्स' हा टॅग आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गुगलने सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर केलं. त्यानंतर कितीतरी सीझन गेले, तरी '50 कीवर्ड' या हिशेबाने कोटेशन येतात. तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'चीप हॉटेल दापोली, बेस्ट हॉटेल दापोली' लिहिणं तर सरळ स्पॅमच्या यादीत आहे. पानाचं शीर्षक नीट असावं, त्यात गाव आणि हॉटेलचा प्रकार असावा, आणि लोक फोनवर जे विचारतात त्याची उत्तरं पानावर असावीत. झालं.

मोठ्या बुकिंग साइट वर, आपण खाली

'हॉटेल्स इन दापोली' शोधलं की वर मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, अगोडा, ट्रिपॲडव्हायझर यांच्यासारख्यांची पानं येतात. यावर चिडून उपयोग नाही. ज्याला अजून ठरवायचं आहे त्याला गुगल यादी देतं, आणि त्यांच्याकडे यादी आहे, तुमच्याकडे एक हॉटेल. या एका शब्दासाठी वर्षभर पैसे ओतलेले मालक मी पाहिलेत. ते पैसे पाण्यात गेले.

लढायची जागा दुसरी आहे: तुमचं स्वतःचं नाव. पाहुणा बुकिंग साइटवर हॉटेल बघतो आणि मग नाव गुगलवर टाकतो, फोटो बघायला, फोन नंबर मिळवायला. तिथेही पहिली तीन उत्तरं इतरांची असतील तर मात्र काळजी करा. नाव 'सागर' किंवा 'सी व्ह्यू' असेल तर अख्खा किनारा तुमचा प्रतिस्पर्धी आहे. तेव्हा नावाला गाव जोडून सगळीकडे एकसारखं लिहा: साइट, प्रोफाइल, बुकिंग साइट, इन्स्टाग्राम. फोन नंबरही एकच. एका ठिकाणी भावाचा जुना नंबर, दुसरीकडे लँडलाइन, असं असलं की पाहुण्याचा आणि गुगलचा दोघांचा विश्वास डळमळतो.

प्रोफाइलमध्ये तारखा टाकल्यावर दरांची जी यादी येते, ती एसईओने मिळते असंही पुष्कळांना वाटतं. पूर्वी तिथे फक्त पैसे भरून जागा मिळायची. मार्च 2021 पासून गुगलने फुकट दुवेही सुरू केले. पण त्यासाठी तुमच्या बुकिंग इंजिनातून (साइटवर बुकिंग घेणारं सॉफ्टवेअर) किंवा चॅनल मॅनेजरमधून (वेगवेगळ्या बुकिंग साइटवर दर पाठवणारं सॉफ्टवेअर) दर गुगलपर्यंत पोचावे लागतात. तुमच्या बुकिंग इंजिनवाल्याला एकच प्रश्न विचारा: गुगलच्या फुकट हॉटेल दुव्यांना तुम्ही जोडलेले आहात का? हो म्हणाला तर चालू करून घ्या आणि दर जुळवा. पाहुण्याला गुगलवर एक आकडा आणि साइटवर कर धरून दुसरा दिसला, तर तो परत मोठ्या साइटवरच जातो.

'ॲडवर पैसे भरले की खालचा फुकट निकालही वर सरकतो' हे धादांत खोटं. दोन्ही खाती वेगळी आहेत, गुगल ते वारंवार सांगतं. स्वतःच्या नावावर दुसऱ्यांच्या जाहिराती वर दिसत असतील तर सीझनपुरती छोटी जाहिरात लावणं शहाणपणाचं असू शकतं, पण तो खर्च जाहिरातीच्या वहीत लिहा.

मोठ्या साइटला दिलेलं वर्णन जसंच्या तसं आपल्या साइटवर चिकटवलं तर गुगल दंड करतं, अशीही एक भीती असते. दंड वगैरे होत नाही. सारखाच मजकूर दोन ठिकाणी दिसला की गुगल त्यातलं एक निवडतं, आणि निवड तुमची होईल याची खात्री नाही. स्वतःच्या साइटवर स्वतःच्या शब्दांत लिहा. तिथे जाहिरातीची भाषा नको. 'आल्हाददायक वातावरणात अविस्मरणीय क्षण' कुणीच शोधत नाही.

तारे आणि रिव्ह्यू

साइटवर पाच तारे आणि '4.9' लावलं की गुगलच्या निकालातही पिवळे तारे येतात, असं सांगून अजून प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे तयार तुकडे, विकले जातात. हॉटेलने स्वतःच्या साइटवर स्वतःबद्दल दाखवलेल्या रिव्ह्यूंचे तारे गुगलने सप्टेंबर 2019 पासून निकालांत दाखवणं बंद केलंय. ज्या ताऱ्यांचा उपयोग होतो ते प्रोफाइलवरचे.

ते वाढवायला विकतचे रिव्ह्यू घेऊ नका. गुगलच्या नियमात बसत नाही, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढलंय. ते ऐच्छिक आहे, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते कळतं. शिवाय विकतचा रिव्ह्यू ओळखू येतो. 'अमेझिंग स्टे, मस्ट व्हिजिट' लिहिणाऱ्याने त्याच आठवड्यात लुधियानातल्या दंतवैद्यालाही पाच तारे दिलेले असतात. रिव्ह्यू मागायला हरकत नाही, त्याबदल्यात सवलत किंवा सोलकढी देऊ नये. आणि वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, शांतपणे, दोन ओळींत. मुरूडच्या त्या रिव्ह्यूखाली आता माफी आणि दोन मुरूडांचा खुलासा आहे. नवे पाहुणे तो वाचून हसतात आणि बरोबर मुरूडला येतात.

फोटो, दरपत्रक आणि वेग

दरपत्रक चित्रात ठेवण्याची खोड कोकणात फार. व्हॉट्सॲपवर फिरवायला केलेलं चित्र तसंच साइटवर. गुगलला त्यातली अक्षरं भरवशाने वाचता येतात असं धरून चालू नका. शिवाय पाहुण्याला त्यातल्या फोन नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही, आणि तुम्हाला ते बदलायचा कंटाळा येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला. मला अजून 'अधिक 12 टक्के' लिहिलेली चित्रं दिसतात. अक्षरांत लिहिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

वेगाबद्दल दोन टोकं आहेत. एकाने फोटोग्राफरने दिलेले आठ-आठ एमबीचे बारा फोटो पहिल्याच पानावर टाकलेत. अंजर्ल्याच्या रेंजमध्ये ते पान उघडेपर्यंत भरती येते. दुसरा वेगाच्या चाचणीत 100 पैकी 100 मिळवायला महिनाभर डेव्हलपरशी भांडतो. तो आकडा क्रमवारीत मोजला जात नाही. गुगल प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांच्या फोनवरचा अनुभव बघतं: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत यावा, बोट लावल्यावर पान 200 मिलिसेकंदांत हलावं, आणि वाचताना मजकूर इकडेतिकडे उडू नये. छोट्या हॉटेलच्या साइटवर येणारे इतके कमी असतात की बहुधा 'पुरेशी माहिती नाही' एवढंच दिसतं. फोटो प्रत्येकी दोनशे-तीनशे केबीवर आणा, रिसेप्शनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर साइट उघडून बघा. कॉम्प्युटरवर छान दिसते हे पुरेसं नाही, गुगल पानं वाचतं तीही मोबाइलची आवृत्ती.

ब्लॉग लिहा, ब्लॉग लिहा

'आठवड्याला दोन लेख' हा सल्ला आता एआयमुळे 'दिवसाला चार' झालाय. 'दापोलीतील दहा प्रेक्षणीय स्थळे' नावाचे चाळीस लेख एका साइटवर मी मोजले, त्यातल्या एकात दापोलीला विमानतळ होता. मार्च 2024 पासून असा घाऊक मजकूर गुगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन आहे.

चार पानं पुरतात, पण ती अशी हवीत जी दिल्लीत बसून कुणाला लिहिता येणार नाहीत. सुवर्णदुर्ग 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांपैकी एक. हर्णैच्या बंदरातून होडी कुठून सुटते, होडीवाले किती माणसं जमल्याशिवाय निघत नाहीत, पावसाळ्यात का बंद असते, उतरताना पाय किती भिजतात, हे त्या गावातल्या हॉटेलइतकं कुणाला ठाऊक? हर्णैचा मासळीचा लिलाव बघायला किती वाजता निघायचं, घेतलेली मासळी तुम्ही बनवून देता का. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तो काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा पहाटे चहा मिळेल का. एका साइटवर आम्ही 'आणलेली मासळी बनवून मिळेल, दर किलोमागे' एवढं एक छोटं पान टाकलं. सर्च कन्सोलमध्ये त्या साइटचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान आज तेच आहे.

मराठी पान जरूर करा. त्यासाठी भाषा बदलायचं बटण देणारा प्लगइन बहुधा पुरत नाही. तो वाचणाऱ्याच्या समोर भाषांतर करतो, गुगलच्या वहीत मराठी पान तयार होत नाही. मराठी पानाला स्वतःचा पत्ता हवा आणि ते माणसाने लिहिलेलं हवं. एका यांत्रिक भाषांतरात 'डबल बेड'चं 'दुहेरी पलंग' आणि 'फुल बोर्ड'चं (राहणं आणि सगळं जेवण) 'पूर्ण फळा' झालेलं मी वाचलंय.

चाव्या कुणाकडे आहेत?

'गुगलमधून बोलतोय, तुमची प्रोफाइल बंद होणार आहे' असा फोन आला तर ठेवून द्या. प्रोफाइल फुकट असते. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलच लिहून ठेवतं. एआयच्या उत्तरांत हॉटेल आणून देतो म्हणून वेगळं पॅकेज विकणारेही आता फिरतात. त्यासाठी वेगळा कोड लागत नाही, असंही गुगलचंच म्हणणं आहे.

त्यापेक्षा हे बघा: डोमेन कुणाच्या नावावर आहे, प्रोफाइल कुणाच्या जीमेलवर, सर्च कन्सोल कुणाकडे. काकांची प्रोफाइल पुतण्याच्या कॉलेजातल्या जीमेलवर होती आणि पुतण्या आता दुबईत. रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून पासवर्ड आठवायला लावला, तेव्हा वर्ग बदलता आला. मालक म्हणून स्वतःचा ईमेल टाका, एजन्सीला मॅनेजरचा हक्क द्या.

आता दिवाळीपर्यंत काय होईल?

टिक काढणं, वर्ग, पिन, फोन नंबर, रीडायरेक्ट, ही कामं एका आठवड्याची आहेत आणि त्यांचा परिणाम बहुधा याच सीझनला दिसतो. बाकी सगळ्याला, गुगलच्याच माणसांच्या सांगण्यानुसार, चार महिन्यांपासून वर्ष लागतं. म्हणजे दिवाळीसाठीचा फोन जूनमध्ये करायचा, होड्या वर ओढल्या की.

आणि जे पावसाळ्यात बंद ठेवतात त्यांनी आत्ता, हे वाचता वाचता, आपली प्रोफाइल उघडून बघा. जूनमध्ये 'तात्पुरते बंद' केलं असेल तर ते अजून तसंच असायची शक्यता आहे. कर्द्याच्या काकांचा वर्ग बदलला, पिन हलवली, कोथरूडच्या ताईंना पंधरा दिवसांनी परत शोधायला लावलं. "बाबा, दिसलं! सहाव्या नंबरवर," ती म्हणाली, "पण खाली लाल अक्षरांत बंद लिहिलंय."